डचांचा गाळ, हॅम्बुर्गची एल्बे आणि आपलं वाढवण



जर्मनीत नव्याने आलेल्या माणसाला एक शब्द फार लवकर पाठ होतो, विशेषतः घरात तीन-चार वर्षांचं पोर असेल तर. तो म्हणजे 'बागर'. आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो (कंपनी कुठलीही असो!) तो इथे बागर. रस्ता खणणारा, पाया खणणारा, कोळशाच्या खाणीत अख्खा डोंगर खाणारा, सगळे बागरच. पण हा शब्द मूळचा जर्मन नाही, डच आहे. आणि डच भाषेत त्याचा अर्थ मशीन असा नाही, चिखल असा आहे. पाण्याच्या तळाशी बसलेला गाळ. उच्चार साधारण 'बाखर' (बखरीशी काही संबंध नाही). थोडक्यात, यंत्रं बनवण्यात स्वतःला बाप समजणाऱ्या जर्मनांनी खणायच्या यंत्राचं नाव मात्र शेजाऱ्याच्या चिखलावरून घेतलं.

हे सगळं आठवायचं कारण वाढवण. बंदराचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे 'समुद्रात भराव घालून कुठे बंदर होतं का, निसर्ग सूड घेणार.' दुसरं म्हणजे 'अहो, डचांना बोलवा, ते करून देतात, दुबईत बघा.' पहिल्या वाक्यात तांत्रिक अज्ञान आहे, पण दुसरं मला जास्त धोक्याचं वाटतं. कारण ते बोलणारे बहुतेक इंजिनियर असतात, म्हणजे आपल्यासारखेच.

डचांनी समुद्र जिंकला ही कथा ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात आधी त्यांनी स्वतःचं संकट स्वतःच तयार केलं होतं. मध्ययुगात त्यांनी दलदलीतलं पाणी चर खणून काढलं आणि शेती सुरू केली. ती जमीन म्हणजे पीट, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पीट वाळलं की खचतं. जमीन खचली की पाणी पुन्हा वर येतं, म्हणून आणखी चर, आणखी बांध. त्यात भर म्हणून इंधनासाठी हेच पीट खणून जाळलं, आणि जिथे खणलं तिथे तळी झाली. म्हणजे पवनचक्क्यांची जी चित्रं आपण फ्रीजवर चिकटवतो, त्या पवनचक्क्या एका भल्यामोठ्या चुकीची भरपाई करणारे पंप आहेत. सतराव्या शतकात यान आद्रियान्सझोन लेगवाटरसारख्या मंडळींनी अशी तळी उपसून शेतं केली. १६१२ साली कोरडं झालेलं बेम्स्टर हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध.

गाळ काढायचं त्यांचं मूळ हत्यार अगदी साधं होतं. लांब काठी, टोकाला लोखंडी कडं, कड्याला जाळी किंवा पिशवी. होडीत उभं राहून तळाचा चिखल ओरपायचा आणि होडीत ओतायचा. आपल्याकडे खाडीत जी 'डुबी' पद्धत आहे (रेती काढणारा माणूस बादली घेऊन बुडी मारतो) तिची ही कोरडी राहणारी चुलतबहीण म्हणायला हरकत नाही. मग अॅमस्टरडॅमच्या बंदरासाठी 'चिखलचक्की' आली. तराफ्यावर चाक आणि फळ्यांची साखळी, आधी माणसं पायांनी फिरवायची, पुढे घोडे. इथून आजच्या जहाजांपर्यंतचा प्रवास सलग आहे. रॉटरडॅमजवळच्या स्लीड्रेख्त या गावात पिढ्यान् पिढ्या हाच धंदा, आज तिथे गाळ काढण्याचं चक्क म्युझियम आहे. बोस्कालिस ही कंपनी १९१० साली याच गावात निघाली. फान ओर्ड त्याहून जुनी, १८६८ ची.

आता जर्मनीकडे येऊ. कारण डच लोकांची ही 'जागतिक सेवा' सर्वांत आधी इथेच सुरू झाली. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला हॅम्बुर्ग-ब्रेमेनच्या आर्चबिशपने हॉलंडच्या वसाहतवाल्यांशी करार करून त्यांना दलदल कसायला बोलावलं. ब्रेमेनमध्ये होलरलांड आहे, हॅम्बुर्गच्या पश्चिमेला आल्टेस लांडमध्ये होलर्न नावाचं गाव आहे. सफरचंदं आणायला जाणाऱ्यांनी पाटी वाचली असेल. त्या वेळी कन्सल्टंट हा शब्द नव्हता, पण व्यवस्था तीच होती.

पुढची गोष्ट मात्र तेवढी गोड नाही. ऑक्टोबर १६३४ मध्ये उत्तर समुद्रावर एक भयानक वादळ आलं. त्या रात्री आपला लेगवाटर, म्हणजे बेम्स्टरवाला, डेनिश सीमेजवळच्या डागेब्युल भागात बांधाच्या कामावर होता. तो आणि त्याचा मुलगा जेमतेम वाचले. त्याने लिहून ठेवलेलं वर्णन आजही त्या पुराचा महत्त्वाचा पुरावा मानतात. श्ट्रांट नावाचं अख्खं बेट त्या रात्री फुटलं आणि हजारो माणसं बुडाली. डच बांधकामाचा सर्वांत मोठा माणूस जागेवर हजर होता आणि समुद्राने त्याला विचारलंसुद्धा नाही, हे 'डचांना बोलवा'वाल्यांनी एकदा लक्षात घ्यावं.

त्याच्याही पुढचा भाग आहे. त्या किनाऱ्यावर 'कुदळीचा कायदा' होता. ज्याच्या वाट्याला बांधाचा जो तुकडा, तो त्याने राखायचा. राखता येत नसेल तर त्याने आपली कुदळ बांधात रोवून निघून जायचं. जो ती कुदळ उपटेल त्याला बांध राखायची जबाबदारी मिळायची आणि त्याबरोबर जमीनही. पुरानंतर बेटाचा जो तुकडा उरला, नॉर्डश्ट्रांट, तिथल्या लोकांकडे ना पैसा होता ना माणसं. १६५२ साली ड्यूक फ्रीडरिश तिसऱ्याने ही जमीन सनद देऊन डच बांधवाल्यांच्या स्वाधीन केली. त्यांनी बांध घातले आणि काम उत्तम केलं यात शंकाच नाही. पण पुरात सगळं गमावून जे जगले होते, त्या मूळ शेतकऱ्यांचा जमिनीवरचा हक्क गेला. कायद्याने, रीतसर.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण या धंद्याच्या दोन्ही बाजू त्यात एकदम दिसतात. काम चोख असतं. आणि कामाचा ऑर्डर देणारा कोण, जमीन कुणाची जाते, हे कंत्राटदार विचारत नाही. साडेतीनशे वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात हीच मंडळी जपानला गेली. मेइजी सरकारने डच इंजिनियर पगारावर बोलावले. योहानिस दे रायके तीस वर्षं तिथल्या नद्यांवर काम करत होता. त्याच्याबरोबर गेलेल्या जॉर्ज एशरचा मुलगा म्हणजे चित्रकार एशर, ज्याचे न संपणारे जिने आपल्या पिढीतल्या निम्म्या इंजिनियरांनी हॉस्टेलच्या भिंतीवर लावले होते. तिथेही सगळंच जमलं असं नाही. फान डोर्नने बांधलेलं नोबिरूचं बंदर १८८४ च्या वादळात दोन वर्षांतच निकामी झालं.

मग हा धंदा इतका मोठा झाला कसा? आपल्याकडे उत्तर तयार असतं, 'टेक्नॉलॉजी'. मला ते अर्धंच पटतं. ड्रेजर कुणीही विकत घेऊ शकतो. डचांकडे जे होतं ते म्हणजे घरच्या घरी कधीही न संपणारं काम. रॉटरडॅमला समुद्राशी जोडणारा कालवा, निउवे वाटरवेख, १८७२ साली खुला झाला. नदी स्वतःच तो खोल करेल असा हिशेब होता. नदीने केला नाही, गाळ भरला. मग वाफेवर चालणारे, गाळ शोषून घेणारे ड्रेजर लागले आणि त्यातून एक अख्खी पिढी शिकली. त्यानंतर झाउडरझेचं काम, १९३२ साली पूर्ण झालेला अफस्लाउटडाइक. मग १९५३ चा पूर, नेदरलंड्समध्ये १८३६ मृत्यू, आणि त्यातून १९९७ पर्यंत चाललेली डेल्टा कामं. सरकार शंभर वर्षं सलग ऑर्डर देत राहिलं. त्यात चुका करून शिकायलाही वाव मिळाला आणि पुढचं जहाज घ्यायला पैसाही. घरचं काम कमी झालं तेव्हा आखातात तेलाचा पैसा वाहत होता, मग हाँगकाँगचा विमानतळ, सिंगापूर, दुबईचं पाम जुमेरा (फान ओर्ड), २०१४-१५ चं सुएझचं रुंदीकरण. २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये आडवं पडलं तेव्हा ते सोडवायला गेलेली स्मिट ही बोस्कालिसचीच कंपनी.

जहाजाबद्दल थोडं लिहितो, नाहीतर माझ्यातला इंजिनियर गप्प बसणार नाही. आजच्या कामाचा घोडा म्हणजे हॉपर ड्रेजर. जहाज हळूहळू पुढे जात राहतं, बाजूला लांब पाइप तळापर्यंत सोडलेला असतो, त्याच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनरच्या ब्रशसारखं डोकं. पंप पाणी आणि वाळू एकत्र ओढतो, जहाजाच्या पोटातल्या टाकीत वाळू खाली बसते, वरचं पाणी बाहेर जातं. टाकी भरली की ठरलेल्या जागी जाऊन तळाची दारं उघडायची, किंवा पाइपने किनाऱ्यावर ढकलायचं, किंवा जहाजाच्या नाकाडातून हवेत कमान करून फेकायचं. या शेवटच्या प्रकाराचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. सर्वांत मोठ्या जहाजांच्या पोटात ४६ हजार घनमीटर माल मावतो. ती जहाजं बेल्जियमच्या यान दे नुलची आहेत. हा धंदा खरं म्हणजे दोन डच आणि दोन बेल्जियन कंपन्यांचा आहे (चौथी डेमे), पण बिचाऱ्या बेल्जियमला श्रेय मिळत नाही. आणि हे चौघे जगभर आहेत असं म्हणताना दोन मोठे देश वगळावे लागतात. अमेरिकेने १९०६ च्या कायद्याने परदेशी ड्रेजर बंदच ठेवलेत, आणि चीनने स्वतःचा ताफा उभा केला. दक्षिण चिनी समुद्रात त्याने काय काय बेटं उभी केली ते आपण पाहिलंच.

पण पाइप आणि पंप यांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मोजमाप. ड्रेजिंगचं बिल घनमीटरवर किंवा ठरलेल्या खोलीवर होतं. काम सुरू व्हायच्या आधी तळाचा सर्व्हे, काम झाल्यावर पुन्हा सर्व्हे, दोन्हींची वजाबाकी. पाण्याखाली काय आहे हे कुणालाच दिसत नाही, त्यामुळे मोजल्याशिवाय हा धंदा चालूच शकत नाही. ही सवय जुनी आहे. जर्मनीत जमिनीची उंची ज्या शून्यापासून मोजत आले, ते १८७९ साली ठरवलेलं शून्य अॅमस्टरडॅमच्या पाण्याच्या पातळीवरून घेतलेलं आहे. शब्दासारखीच पातळीसुद्धा उसनी!

मोजायची ही शिस्त सरकारकडून खाली आलेली नाही. तेराव्या शतकापासून तिथे पाणी-मंडळं आहेत, आज ती २१ आहेत. त्यांची वेगळी निवडणूक होते आणि त्यांचा वेगळा कर असतो. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याने पैसे द्यायचे आणि त्यानेच बोलायचं.

आता हॅम्बुर्ग. हे बंदर समुद्रापासून शंभर किलोमीटरहून आत, नदीवर. जहाजं मोठी होत गेली तशी एल्बे खणत गेली. एकोणिसाव्या शतकापासून मोजलं तर नुकतंच झालं ते नववं खोलीकरण. त्याची कागदपत्रं २००२ पासून सुरू झाली, २०१२ साली मंजुरी मिळाली, पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या, लाइपझिशच्या कोर्टाने काम थांबवलं, २०१७ साली निकाल दिला की खणायला हरकत नाही पण भरपाई कमी आहे. जगात फक्त एल्बेच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात उगवणारी एक वनस्पती आहे, तिच्यासाठी आणखी जागा द्या. आपली मंडळी यावर हसतात. 'एका गवतासाठी पंधरा वर्षं!' मी हसत नाही. त्या गवताच्या निमित्ताने नदीचं अख्खं गणित कागदावर आलं, आणि ते कुणालाही वाचता येतं.

काम २०१९ मध्ये बेल्जियमच्या डेमेने सुरू केलं. जवळपास ४ कोटी घनमीटर गाळ आणि वाळू काढली. जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण खोली जाहीर झाली, भरती धरून १४.५ मीटर ड्राफ्टची जहाजं आत येणार म्हणून. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर करावं लागलं की गाळ परत भरतोय, ही खोली सध्या देता येत नाही. वर्षसुद्धा झालं नव्हतं.

यात खणणाऱ्याचा दोष नाही. त्याने करारात लिहिलेलं काम केलं, सर्व्हे करून दाखवलं, बिल घेतलं. दोष असेल तर हिशेबात आहे. नदी खोल केली की भरतीची लाट जास्त जोराने आत येते. हॅम्बुर्गमध्ये भरती-ओहोटीतला फरक शंभर वर्षांपूर्वी दोनेक मीटर होता, आज पावणेचारच्या आसपास आहे. भरती जोरात आणि थोडा वेळ, ओहोटी सावकाश. त्यामुळे समुद्राकडून आत आलेला बारीक गाळ परत जात नाही. जितकं खणावं तितकं भरतं. मग तो गाळ टाकायचा कुठे यावर भांडण. हॅम्बुर्गने २०२२ मध्ये शारह्योर्न बेटाजवळ टाकायचं म्हटलं तर राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूचे शेजारी चवताळले, मग वाटाघाटी होऊन हेल्गोलांडजवळची जुनी जागाच पुढे चालू ठेवायचं ठरलं. ज्यांना पुण्याचा कचरा आणि उरुळी-फुरसुंगी आठवतं त्यांना ही भाषांतराशिवाय कळणारी गोष्ट आहे.

आणि फायदा? हॅम्बुर्गमध्ये २००७ साली ९९ लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले गेले होते. २०२४ मध्ये ७८ लाख. रॉटरडॅममध्ये त्याच वर्षी १ कोटी ३८ लाख. याला फक्त खोली कारण नाही हे मान्य. पण खोलीकरणाच्या समर्थनार्थ जे आलेख दाखवले होते ते सगळे वर जाणारे होते.

गंमत म्हणजे जर्मनीकडे खोल पाण्याचं बंदर आहे. विल्हेल्म्सहाफेनला, १८ मीटर, २०१२ मध्ये सुरू झालं. क्षमता २७ लाख कंटेनर, पहिल्या पूर्ण वर्षात एक लाखसुद्धा आले नाहीत. हॅम्बुर्गने त्यात भागीदारी घेतली नव्हती, आपलीच नदी खणत राहिलं. शेवटी २०२२ मध्ये हापाग-लॉइडने, म्हणजे हॅम्बुर्गच्याच जहाज कंपनीने, तिथल्या टर्मिनलमध्ये हिस्सा विकत घेतला. एम्स नदीची कथा तर याहून वाईट. आतल्या गावातल्या एका शिपयार्डची क्रूझ जहाजं समुद्रात न्यायची म्हणून ती इतकी खणली की उन्हाळ्यात काही भागात माशांना पुरेल इतका ऑक्सिजन उरत नाही. २०१५ साली नदी सुधारायचा करार झाला, २०२४ मध्ये ते शिपयार्डही सरकारला वाचवावं लागलं.

यावरून कुणी म्हणेल की मग वाढवणच बरोबर. जुन्या खाडीत खणत बसण्यापेक्षा जिथे निसर्गतः २० मीटर खोली आहे तिथे जा. हा युक्तिवाद फालतू नाही. जेएनपीटी १९८९ साली सुरू झालं तेव्हापासून खोलीच्या मागे धावतंय. २०१७ मध्ये १४ मीटरचा मार्ग १५ मीटर करायचं काम दिलं तेही बोस्कालिस आणि यान दे नुल यांनाच. नुसत्या खोलीचा प्रश्न असता तर मी वाढवणच्या बाजूने मत दिलं असतं.

पण वाढवण म्हणजे नुसती खोली नाही. १,४४८ हेक्टर समुद्र भरायचा आहे, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत घालायची आहे, आणि भरावाची वाळू दमणच्या बाजूच्या समुद्रतळातून आणायची आहे. म्हणजे एका ठिकाणी समुद्र भरायचा आणि दुसऱ्या ठिकाणी उपसायचा. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला, ऑगस्टमध्ये भूमिपूजन झालं. डहाणू तालुका पर्यावरण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, १९९८ मध्ये इथल्या बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये होकार दिला. पंचवीस वर्षांत नियम बदलले, माणसं बदलली. किनारा तोच आहे.

भरावाचा अनुभव मुंबईला नवा नाही. १९२० च्या दशकात बॅकबेचा भराव घालायला ब्रिटनहून ड्रेजर आणला, त्याला गव्हर्नर जॉर्ज लॉइड साहेबाचंच नाव दिलं. ११४५ एकर भरायचे होते, १९३० पर्यंत ४४० च्या आसपास झाले. तळाचा चिखल हिशेबापेक्षा वेगळा निघाला, टाकलेला गाळ भिंतीतून परत समुद्रात. खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी हा घोळ बाहेर काढला, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला, ते सुटले. पुढे उरलेल्या जागेत भराव पडला तेव्हा त्याला नरीमन पॉइंट नाव दिलं. भरावाच्या टीकाकाराचं नाव भरावाला! लोक रोज तिथे नोकरीला जातात आणि कुणाला यातला विनोद कळत नाही.

आणि बांधाचं ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही. अलिबाग-पेणच्या खारजमिनी म्हणजे दुसरं काय आहे? खाडीला बांध, बांधाला उघाडी, ओहोटीला पाणी बाहेर, भरतीला दार बंद, आत भातशेती. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या हे गावकीने राखलं. तो आपला पोल्डर. पुढे कायदे झाले, १९४८ चा, मग १९७९ चा, खारभूमीचं खातं आलं आणि बांध सरकारचा झाला. सरकारचा बांध फुटला की अर्ज करायचा आणि वाट बघायची. किती शेतांत आज भाताऐवजी खारफुटी आहे ते त्या बाजूला गेलेल्यांना माहीत आहे. डचांनी पाणी-मंडळं टिकवली, आपण गावकी मोडली आणि जागी कार्यालय उघडलं. माझ्या मते तफावत इथे आहे, पंपाच्या हॉर्सपॉवरमध्ये नाही.

मोजमापाचंही तेच. नालेसफाईचा गाळ आपण ट्रकच्या फेऱ्यांवर मोजतो. मिठी नदीच्या गाळाच्या कंत्राटांवरून २०२५ मध्ये मुंबईत गुन्हाच दाखल झाला, आरोप हाच की न काढलेल्या गाळाचे पैसे दिले. कोर्टात जे व्हायचं ते होईल. पण आधीचा सर्व्हे, नंतरचा सर्व्हे आणि वजाबाकी एवढं जर वेबसाइटवर असतं तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

देशी कंपनी नाही असं नाही. ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया १९७६ पासून आहे, विशाखापट्टणमला. २०१९ मध्ये ती चार बंदरांच्या मालकीची झाली. तिचे अलीकडचे ड्रेजर नेदरलंड्सच्या आयएचसीने बांधले, आणि १२ हजार घनमीटरचा एक कोचीन शिपयार्डमध्ये आयएचसीच्याच आराखड्यावर. हे चांगलंच झालं. पण आपण आयटीवाल्यांना यातली मेख सांगायला नको. दुसऱ्याच्या डिझाइनवर तासाच्या हिशेबाने काम करणं आणि स्वतःच्या जोखमीवर काम घेणं यांत काय फरक असतो हे आपण रोज जगतो. जोखीम घेणाऱ्यालाच तळाचा सर्व्हे नीट करायची गरज वाटते.

डच मंडळींनाही उगाच संत करायला नको. २०२० मध्ये इंडोनेशियात मकास्सरच्या बंदरासाठी बोस्कालिसच्या जहाजाने वाळू उपसली तेव्हा कोदिंगारेंग बेटावरचे मच्छीमार होड्या घेऊन समोर आले होते. त्यांचं म्हणणं होतं की आमची मासे धरायची जागा गेली, पाणी गढूळ झालं. वाळू तिथून सरकारी परवान्याने घेतली होती. परत तीच कुदळ, नॉर्डश्ट्रांटची. आणि अशा परदेशी कामांमागे बरेचदा डच सरकारच्या वतीने दिलेला निर्यात-विमा असतो. म्हणजे स्वतःच्या घरी प्रत्येक बांधावर मतदान घेणारा देश, दुसऱ्याच्या किनाऱ्यावर मात्र परवान्याची फोटोकॉपी पाहून समाधानी असतो. तिथल्या संघटनाच यावर आपल्या सरकारला धारेवर धरतात, हेही सांगायला हवं.

त्यामुळे वाढवणला उद्या कुणाची जहाजं आली, डच, बेल्जियन की आपली, याने मला फारसा फरक पडत नाही. ती वाळू व्यवस्थित टाकतील. सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या कोळ्यांना विचारायचा प्रश्न, दमणच्या बाजूचा तळ उपसल्यावर तिथलं पापलेट कुठे जाईल हा प्रश्न, भिंतीच्या दोन्ही अंगांना किनारा किती खचेल आणि किती भरेल हा प्रश्न, यांतलं काहीच ड्रेजरच्या कामात येत नाही. ते मालकाचं काम आहे. इथला मालक म्हणजे जेएनपीएचे ७४ टक्के आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचे २६. कोळ्यांचा वाटा नुकसानभरपाईच्या रकान्यात.

आपण इथे बसून काय करू शकतो असं कुणी विचारेल. एक गोष्ट करण्यासारखी आहे. लाटा, प्रवाह आणि गाळ यांचं गणित करणारं डेल्फ्ट-३डी हे सॉफ्टवेअर डच संशोधन संस्था डेल्टारेसने २०११ पासून खुलं केलंय, सोर्ससकट. हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउलीच्या पाण्याची पातळी जर्मन जलमार्ग खातं मिनिटामिनिटाला नेटवर टाकतं, बंदराच्या तळाचे नकाशेही मिळतात. त्यावर सराव करता येतो. आपल्यापैकी निम्म्यांना फोरट्रान वाचून झोप येईल, पण उरलेले निम्मे पुरे आहेत. पालघर-डहाणूच्या किनाऱ्याचं मॉडेल उभं करायचं तर भराव पडण्याआधीची खोली, प्रवाह आणि गाळ यांची मोजणी हाताशी पाहिजे, आणि ती प्रकल्पाच्या अहवालांतून आकडे स्वरूपात मागून घ्यावी लागेल, माहितीच्या अधिकारात. अर्ज मराठीत चालतो, फी दहा रुपये. डहाणूकडचे कुणी सुट्टीत घरी जाणार असतील तर कळवा, मसुदा मी तयार करून पाठवतो.